.३५७ की .४४? मॅग्नम रिव्हॉल्व्हरची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले परवानाधारक, वाडवडिलांचे जुने हत्यार नावावर करून घेणारे वारस, नेमबाजी शिकणारी मुले आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना 'कोणता घेऊ?' याचे उत्तर देऊ पाहणारे लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

थोडक्यात सांगा. सगळ्या कामांसाठी एकच घ्यायचा तर कोणता?

.३५७ मॅग्नम. मोठ्या जनावराच्या शिकारीला कायद्याने मोकळीक आहे अशा देशात राहत असाल आणि महिन्याला निदान शंभरेक काडतुसे सरावात उडवणार असाल, तरच .४४ चा विचार करावा. भारतात राहणाऱ्याने बोअरच्याही (नळीच्या मापाच्याही) आधी काडतुसाची चौकशी करावी. आधी काडतूस, मग रिव्हॉल्व्हर. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात आणि लाखो रुपयांचे लोखंड कपाटात पडून राहते.

'मॅग्नम' म्हणजे नेमके काय?

हा शब्द मद्याच्या मोठ्या बाटलीवरून आला. नेहमीच्या काडतुसाची पुंगळी थोडी लांब करायची, आत जास्त दाबाने जळणारी दारू भरायची आणि गोळी त्याच जाडीची ठेवायची, इतकाच त्याचा अर्थ. .३८ स्पेशलची पुंगळी २९.३ मि.मी. लांब असते आणि .३५७ मॅग्नमची ३२.८ मि.मी. ही साडेतीन मि.मी. वाढ दारू जास्त मावावी म्हणून केलेली नाही. जुन्या, नाजूक .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये नवे काडतूस बसूच नये, हा तिचा मुख्य हेतू आहे. कारण .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, तर .३५७ चा ३५,००० पौंड. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास हजारपट.

.३५७ बाजारात आले १९३५ साली, स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांच्याकडून. .४४ मॅग्नम त्यानंतर वीस वर्षांनी, १९५५-५६ मध्ये, स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी आणले. ते १९०७ च्या .४४ स्पेशलची पुंगळी लांबवून बनले. दोन्हींच्या मागे एल्मर कीथ या अमेरिकी शिकाऱ्याचा आग्रह होता.

मग .३८ आणि .३५७ च्या गोळ्या एकाच जाडीच्या कशा?

.३८ हे नाव जुन्या पद्धतीचे आहे. पूर्वी गोळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाची असे आणि नाव त्यावरून पडे. पुढे गोळी पुंगळीच्या आत बसू लागली, नाव मात्र तेच राहिले. प्रत्यक्ष गोळी ०.३५७ इंच, म्हणजे ९.०७ मि.मी. .४४ चेही तसेच: गोळी ०.४२९ इंच, सुमारे १०.९ मि.मी.

ताकदीत फरक किती पडतो?

कारखान्याच्या नेहमीच्या काडतुसांचे आकडे धरू. .३५७ ची १५८ ग्रेनची, म्हणजे १०.२ ग्रॅमची गोळी ४ इंची नळीतून सेकंदाला सुमारे १,२३५ फूट वेगाने निघते. तिची ऊर्जा सव्वासातशे ज्यूलच्या आसपास. .४४ ची २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी लांब नळीतून १,३५० फुटांपर्यंत जाते आणि ऊर्जा १,३०० ज्यूल भरते. त्याच हिशेबाने .३८ स्पेशल २७० ज्यूल आणि .४४ स्पेशल ४२० ज्यूल. आपल्याकडचा सर्वपरिचित .३२ दीडशे ज्यूलच्या घरात असतो.

म्हणजे .४४ हा .३५७ च्या पावणेदोनपट. पण .३५७ सुद्धा .३२ च्या जवळजवळ पाचपट आहे, हे सोलापुरातल्या परवानाधारकाने आधी लक्षात घ्यावे. आयुष्यभर .३२ हाताळलेल्या माणसाला .३५७ 'मधला' वाटत नाही. तो मोठाच वाटतो.

झटका सहन होईल का?

हिशेब करून पाहता येतो. गोळीचे वजन गुणिले वेग, त्यात जळत्या दारूच्या वायूचा धक्का मिळवायचा आणि रिव्हॉल्व्हरच्या वजनाने भागायचे. हा वेग हत्यार मागे येण्याचा. त्यावरून हातावर येणारी ऊर्जा निघते. १.१ किलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलचा झटका सुमारे ३ ज्यूल येतो आणि त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ चा सुमारे १२. १.३५ किलोच्या जड रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ चा २५ ज्यूलच्या आसपास. हत्यार पाव किलो जड असूनही झटका दुप्पट.

कागदावरच्या आकड्यापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा. मेंदू दहाबारा बारांत शिकतो की चाप ओढला की दुखते. मग बार उडण्याआधीच मनगट खाली दाबले जाते, डोळे मिटतात, गोळी लक्ष्याच्या खाली जाते. ही सवय एकदा लागली की .२२ वर उतरून महिनोन्‌महिने ती काढावी लागते. .४४ घेणारे कित्येक जण वर्षभरात विकायला काढतात ते याचमुळे. शंका असेल तर एक तपासणी करा. सोबत्याने तुमच्या नकळत सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या नळकांड्यात, दोनतीन रिकाम्या पुंगळ्या मिसळाव्यात. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला तरी नळीचे टोक खाली झुकले, तर हे हत्यार तुमच्या हाताला मोठे आहे.

पंजा लहान असेल तर आणखी एक अडचण येते. .४४ ची चौकट रुंद असते. चापापर्यंत बोट पोचवायला मूठ वळवून धरावी लागते. मग झटका तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो.

.३५७ मध्ये .३८ स्पेशल चालते म्हणतात. खरे का?

खरे आहे आणि .३५७ निवडण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. सराव हलक्या काडतुसावर, गरज पडेल तेव्हा पूर्ण ताकदीचे, हत्यार तेच. .४४ मध्येही .४४ स्पेशल चालते, पण ते जगात कुठेही तुलनेने महाग आणि दुर्मीळ.

उलटे कधीही करायचे नाही. काही फार जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधली घरे, म्हणजे काडतुसे बसायची भोके, आरपार सरळ कोरलेली असतात. त्यांत .३५७ चे लांब काडतूस बसते. ते बसले म्हणजे चालते असे समजू नका. दुप्पट दाबाने सिलिंडर फुटतो.

आखूड काडतूस वापरल्यावर घराच्या पुढच्या भागात, जिथे .३८ ची पुंगळी संपते तिथे, काजळी आणि शिशाचे कडे साचते. शेदोनशे बारांनंतर .३५७ घालायला गेलात तर ते शेवटच्या दोनतीन मि.मी.ला अडते. अंगठ्याने रेटून बसवले तर पुंगळीचे तोंड त्या कड्यात आवळले जाते, गोळी सहज सुटत नाही आणि दाब वाढतो. नंतर पुंगळी निघतही नाही. त्यामुळे .३८ चा सराव संपला की त्याच दिवशी घरे साफ करावीत. नळीच्या मापापेक्षा किंचित जाड, १० मि.मी.चा पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारे द्रव) वापरावे. पोलादी तारेचा ब्रश वापरू नये.

भारतातल्या वाचकांसाठी एक इशारा. परवान्यावर .३५७ लिहिले आहे म्हणून .३८ स्पेशल विकत घेता येईल असे गृहीत धरू नका. परवाना शाखेकडून लेखी खुलासा घ्या. नोंदीबाहेरचे एक काडतूस सापडले तरी तो गुन्हा आहे.

ही दोन्ही बोअर भारतात निषिद्ध आहेत का?

आपल्या शस्त्र नियमांच्या वर्गवारीत कसोटी अशी आहे: .३८० किंवा .४५५ ही कडेवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसे, किंवा लष्करी ९ मि.मी. व .४५ ही बिनकडेची काडतुसे ज्यात बसून उडू शकतात, ती पिस्तुले व रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरमध्ये जातात. .३८० ची पुंगळी .३५७ च्या घरापेक्षा जाड असते, म्हणून बसत नाही. .४५५ ही .४४ च्या घरात बसत नाही. म्हणजे त्या कसोटीत दोन्ही अडकत नाहीत. तरी हत्यार हातात घेऊन निर्णय देण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याचाच.

खरा अडसर आयातीचा आहे. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला बाहेरून रिव्हॉल्व्हर आणणे जवळपास बंद आहे. त्यामुळे बाजारात फिरतात ती सगळी जुनी हत्यारे, आणि त्यांची किंमत गुणवत्तेवर नव्हे तर टंचाईवर ठरते. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: 'काडतुसे कुठून, किती आणि कोणत्या पावतीवर मिळतील?' उत्तर गुळमुळीत आले तर व्यवहार तिथेच थांबवा.

सोलापुरात परवान्यासाठी कुठे जायचे?

शहर हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाची परवाना शाखा. बार्शी, पंढरपूर, अकलूज, मंगळवेढा, मोहोळ वगैरे ग्रामीण भागात राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. वय २१ पूर्ण हवे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पोलीस चौकशी होते आणि गरज पटवून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात (आधी तीन होती) आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचा रिव्हॉल्व्हर आधीच नावावर असतील तर तिसऱ्याला जागाच नाही, हे सौदा करण्याआधी पाहा.

त्याच दुरुस्तीने वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठरवले आहे. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर, कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

रानडुकरे पिकाची नासाडी करतात. त्यासाठी .४४ बरा ना?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकार बंद आहे आणि पिकाचे नुकसान हे परस्पर गोळी घालण्याचे कारण होत नाही. वन विभागाकडे अर्ज, पंचनामा, भरपाई हाच मार्ग. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास तर काळवीट आणि लांडगे वावरतात. रात्रीच्या अंधारात ज्वारीतली हालचाल कशाची आहे हे कळत नाही.

मग .४४ खरोखर कुणाला शोभतो?

अलास्कात अस्वलांच्या मुलखात मासेमारी करणाऱ्याला. हरणाची शिकार रिव्हॉल्व्हरने करणाऱ्याला, तीही परवानगी असलेल्या राज्यात. धातूच्या जनावराच्या आकृत्या २०० मीटरवरून पाडण्याचा खेळ खेळणाऱ्याला. जड गोळी लांबवर वेग टिकवते आणि हाडातून आत जाते, हे तिचे खरे गुण आहेत. स्मिथ अँड वेसनच्या .४४ मॉडेल २९ ला १९७१ च्या एका सिनेमाने जी कीर्ती मिळवून दिली, तिचा या गुणांशी संबंध नाही.

घराच्या संरक्षणासाठी कोणता?

.४४ नक्कीच नको. त्याची गोळी माणसातून, दारातून आणि पलीकडच्या पत्र्याच्या भिंतीतूनही जाते. आपल्या पेठांमधली घरे भिंतीला भिंत लावून आहेत. .३५७ ची पूर्ण ताकदसुद्धा बंद खोलीत जड पडते: डोळे दिपवणारा जाळ आणि कानठळ्या. अमेरिकेतले जाणकारही रात्री उशाशी .३५७ मध्ये .३८ ची काडतुसे ठेवायला सांगतात. कायद्याने स्वसंरक्षणाचा अधिकार धोक्याच्या प्रमाणातच आहे. पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी चालवणे त्यात बसत नाही.

नळी किती इंची? वजन किती?

४ इंच. २ इंची नळीत .३५७ चा वेग २०० फुटांहून जास्त घसरतो, न जळलेली दारू तोंडाबाहेर जाळ होऊन निघते आणि झटका तसाच राहतो. ६ इंचीत नेम सोपा, वागवणे कठीण. .४४ असेल तर ६ इंचाखाली जाऊ नये. .३५७ साठी सव्वा किलोच्या आतबाहेरचे, मजबूत चौकटीचे हत्यार हवे: स्मिथ अँड वेसनचे ६८६ किंवा रूगरचे जीपी-१००. हलक्या मिश्रधातूच्या चौकटीत आणखी एक दोष येतो. झटक्याने हत्यार मागे सरकते, पण उरलेल्या काडतुसांतल्या जड गोळ्या जागीच राहू पाहतात. त्या पुंगळीतून पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावतात आणि सिलिंडर फिरायचा थांबतो.

जुना मॅग्नम घेताना काय काय तपासावे?

घाई करू नका, अर्धा तास द्या. बॅटरी आणि गॅरेजवाल्याकडचे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बरोबर न्या.

आधी सिलिंडर उघडून सगळी घरे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. रिकामे आहे असे विकणाऱ्याने सांगितले, एवढ्यावर भागत नाही.

मग सिलिंडर बंद करून त्यावर बोटाचा हलका अडसर ठेवा आणि घोडा अगदी सावकाश चढवा. घोडा अडकण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर 'टक्' करून जागी बसला पाहिजे. हे प्रत्येक घरासाठी करा. पाच घरे नीट आणि एक मागे राहते, असे पुष्कळदा निघते. मागे राहिलेल्या घरातली गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही, कडेला खरवडते आणि शिशाचे कण शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर उडतात.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजा. ०.१० ते ०.२५ मि.मी. चालते, ०.१५ उत्तम. एकदा सिलिंडर मागे दाबून मोजा, एकदा पुढे दाबून. दोन मापांतला फरक ०.०८ च्या वर असेल तर सिलिंडर पुढेमागे हेलकावतो आहे आणि प्रत्येक बार हातोडीसारखा चौकटीवर बसतो.

नळीचे मागचे तोंड बॅटरीने नीट पाहा. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १९ मध्ये हे तोंड खालच्या बाजूला सपाट घासून पातळ केलेले असते. १२५ ग्रेनच्या जलद काडतुसांच्या भडिमाराने ते नेमके तिथेच तडकते. तडा केसाएवढा असतो. काजळी पुसल्याशिवाय दिसत नाही, म्हणून कापूस आणि सॉल्व्हंट लावून पुसा, मग पाहा. तडा असेल तर नळी बदलावी लागते, आणि ती नळी भारतात मिळणार नाही.

नळीतून उजेडाकडे पाहा. मध्येच काळे वर्तुळ दिसले तर कधीतरी गोळी आत अडकली असताना मागून दुसरी झाडली गेली आहे. असे हत्यार कितीही स्वस्त असले तरी सोडून द्या.

शेवटी रिकाम्या हत्याराचा घोडा चढवा आणि मागून अंगठ्याने पुढे ढकला. चाप न ओढता घोडा पडला तर ते हत्यार असुरक्षित आहे. चौकटीच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या अगदी वर, जाळाने पडलेली बारीक रेघ मात्र घाबरण्यासारखी नसते. ती थोडी खोल जाऊन थांबते.

बार उडालाच नाही तर? किंवा फुसका निघाला तर?

उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ३० सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. मग सिलिंडर उघडून काडतूस बाजूला ठेवा. काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर घोड्याच्या आघाताने पडलेला खळगा उथळ असेल तर दोष बहुधा हत्याराचा: मुठीच्या पुढच्या अंगाचा स्प्रिंगचा स्क्रू सैल झालेला, किंवा आत जुने तेल घट्ट झालेले. खळगा खोल असूनही उडाले नसेल तर काडतूस नासलेले.

फुसका बार जास्त धोक्याचा. आवाज कमी आला, झटका जाणवला नाही, की लगेच थांबा. गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता मोठी. पुढचा बार टाकला तर नळी फुगते किंवा फाटते. सगळी काडतुसे काढून, बोटभर जाडीची पितळी कांडी नव्हे तर नळीच्या मापाची कांडी घालून, गोळी जाणकाराकडूनच काढून घ्या.

वापरताना नेहमी काय बिघडते?

सर्वांत जास्त त्रास न जळलेल्या दारूच्या दाण्यांचा. पुंगळ्या काढताना नळी आडवी किंवा खाली असेल तर दाणे बाहेर काढणाऱ्या चांदणीखाली पडतात. एवढासा दाणाही सिलिंडर बंद होऊ देत नाही किंवा चाप जड करतो. नळी आभाळाकडे करून पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा तळव्याने एका झटक्यात दाबा. दाणे खाली, बाहेर पडतात. दांड्याचे आटे सैल झाले तरी सिलिंडर उघडत नाही. दर सरावानंतर बोटाने आवळून पाहावे.

आणि डाव्या हाताची बोटे सिलिंडरच्या पुढे कधीही न्यायची नाहीत. त्या फटीतून बाजूला निघणारा वायू कातडी कापतो. .३२ वर बेफिकिरीने धरण्याची सवय असलेले लोक मॅग्नमवर इथेच जखमी होतात.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा परिणाम होतो का?

होतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि बंद गाडीत डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. तापलेली दारू जास्त दाब देते. मॅग्नममध्ये आधीच वाव कमी. परिणाम म्हणजे पुंगळ्या घरात चिकटतात, हाताने निघत नाहीत. काडतुसे घरातल्या सर्वांत थंड खोलीत, हवाबंद डब्यात, मूळ खोक्यात ठेवा. सराव सकाळी लवकर करा.

आपल्याकडे दमटपणा कोकणाइतका नाही, पण काळ्या मातीची पिठासारखी धूळ आहे. तेल भरपूर लावले की ती धूळ त्यात कालवली जाऊन घासणीसारखी काम करते. बाहेरून तेलाचे बोट फिरवून कापडाने पुसून काढा, एवढे पुरे. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवून विसरू नका. चामडे पावसाळ्यात ओल धरते आणि पोलादावर त्याच्याच आकाराचा गंज उमटतो. तेलाचा हात काडतुसाच्या टोपीला लावू नये, तेल झिरपून टोपी मरते.

कानांसाठी कापसाचे बोळे पुरतील?

नाही. दोन्ही मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. एका बारानेही कान कायमचा जाऊ शकतो आणि तो परत येत नाही. आत फोमचे बोळे आणि वरून कानटोप्या, दोन्ही एकाच वेळी. डोळ्यांवर चष्मा. शिशाच्या गोळ्यांचा सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि ते कपडे लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नयेत.

स्पर्धेसाठी यांपैकी कोणता चालेल?

आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटरफायर प्रकारात बोअर ७.६२ ते ९.६५ मि.मी. असावे लागते. .४४ त्यात बसतच नाही. मापाने .३५७ बसतो, पण तिथे खेळाडू .३२ चे चपट्या तोंडाचे मंद काडतूस वापरतात. कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि हात हलत नाही.

मग सोलापुरातल्या साध्या परवानाधारकाने काय घ्यावे?

.३२. कानपूरचा सरकारी कारखाना तो बनवतो: २०१४ चा हलका 'निर्भीक', २०२३ चा लांब पल्ल्याचा 'प्रबल'. काडतुसे देशात बनतात, पावतीवर मिळतात, दुरुस्तीला सुटे भाग असतात. वर्षाला ठरवून दिलेल्या काडतुसांतली निम्मी तरी परवानाधारक रेंजवर सरावात वापरा आणि जुना साठा आधी संपवा. वडिलोपार्जित .३५७ वारसाने आलाच असेल तर तो आधी परवाना शाखेत दाखवून नावावर करून घ्या, वरची तपासणी करा, आणि जुन्या खोक्यातली हिरवी पडलेली काडतुसे झाडून न पाहता परवाना शाखेला कळवून रीतसर जमा करा.